नीरफणस मीठ ओढतो

पहाटे सगळं घर निजलेलं असताना स्वयंपाकघरातला नळ खोकला. साधासुधा नाही. ओसरीवर येताना सासरा जशी वर्दी देतो तसा दोनदा घसा खाकरला, मग आतून एक लांब उसासा सोडला आणि गप्प झाला. पाण्याचा थेंब नाही.

मर्विना जागच्या जागी थिजली. एका हातात दात घासायचा ब्रश, दुसऱ्या हातात बूट. घालून चाललं तर फळ्यांची जमीन करकरते म्हणून हातात घेतलेले. तिनं श्वास रोखला. आतल्या खोलीत एझ्रानं, तिच्या सात महिन्यांच्या लेकानं, आधी शंका विचारल्यासारखं नुसतं ‘अं?’ केलं, आणि त्या शंकेचं उत्तर स्वतःच देत टाहो फोडला. त्यामागोमाग चार वर्षांची किझी डोळे चोळत दारात उभी.

“मम्मी, तू चोर आहेस का?”

“नाही.”

“मग बूट हातात का?”

पाणीवाल्यांनी नळ बंद केला होता. वादळ यायचं असलं की गढूळ पाणी पाइपात शिरू नये म्हणून ते आधीच बंद करतात. तसं रेडिओवर सांगतातही, फक्त बंद केल्यानंतर सांगतात. मर्विनानं ब्रश तोंडात ठेवूनच पाणीखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फेसामुळे त्यातलं मुलांना काही कळलं नाही, एवढंच काय ते बरं.

तिच्या संतापाला कारण होतं. आजचा शुक्रवार तिचा होता. एल्डननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तसा शब्द दिला होता. बायबलवर हात ठेवायचा तेवढा बाकी राहिला होता. मुलं तो सांभाळणार आणि मर्विना एकटी, दोन्ही हात मोकळे सोडून, दिवसभर ग्रेनाडा बेटभर खात फिरणार.

आता हे कुणाला चैनीचं वाटेल. वाटणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावं. मर्विनाचा खाण्यावर जीव. लग्नाआधी ती बसमध्ये चढता चढता नुसत्या वासावरून सांगायची, की मागच्या बाकावरच्या बाईच्या पिशवीत कुणाच्या हातची रोटी आहे. अशा बाईनं एझ्रा जन्मल्यापासून गरम घास खाल्ला नव्हता. पोरगा एरवी देवदूतासारखा पडून असे. पण ताटातून वाफ निघाली आणि आईचा हात ताटाकडे वळला की त्याला कुठून तरी तार येत असे. मग त्याला घ्या, पुसा, पाजा, झोपवा, आणि परत येऊन बघावं तो कालवणावर साय धरलेली. गार जेवण हे जेवणच नव्हे, तो नुसता पोटाचा बंदोबस्त, असं तिचं ठाम मत होतं. सात महिने ती बंदोबस्तावर होती.

दिवस तिनं मनातल्या मनात इतक्यांदा जेवून टाकला होता की त्याचा क्रम तिला पाठ होता. आधी नाक्यावर मिस इस्मीच्या हातचे तळलेले गरम बेक, म्हणजे पुरीसारखे फुगलेले पाव, आत खारा मासा, वर जायफळ किसलेला कोको. मग बसनं शहर. बाजाराच्या पायऱ्यांवर बसून बटाटा-चण्याची रोटी. दुपारी बंदरावर शंखाच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण. आणि संध्याकाळी गुयाव्ह गावचा मासळीचा शुक्रवार: रस्ताभर निखारे, धूर, आणि लसणीच्या लोण्यात भाजलेला लॉब्स्टर. सगळं गरम. सगळं दुसऱ्याच्या हातचं.

आणि मध्येच हे वादळ. वादळांना नावं असतात, पण याचं नाव इथे घेता येत नाही. मर्विनाच्या मावसबहिणीचंही तेच, आणि ती आठवडाभर बातम्या ऐकून आधीच फुगलेली आहे. काल रात्रीपर्यंत ‘येईल किंवा जाईल’ असं म्हणणारा रेडिओ आज पहाटे ‘येतंय’ म्हणू लागला होता.

“मर्विना,” एल्डन शर्टाची बटणं लावत म्हणाला, “मम्मीच्या छपराचे पत्रे सैल आहेत गं. गेलो आणि आलोच बघ.”

त्याची आई डोंगरापलीकडे राहायची. गेलो आणि आलो हे तिथं होत नाही. तिथं गेलो, बसलो, जेवलो आणि आलो असंच होतं.

“आणि माझा दिवस?”

“अगं, वादळ येतंय!”

“मला विचारून येतंय का? तू शब्द मला दिलायस, वादळाला नाही.”

“तू असं करतेस ना…” असं म्हणून तो गेला. नवऱ्यांची ही वाक्यं अर्धी असतात, कारण उरलेलं अर्धं त्यांनाही माहीत नसतं. मात्र जाण्यापूर्वी त्यानं घराची काळजी म्हणून एक मोठं काम उरकलं: परसातलं पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप त्यानं ओतून दिलं, आडवं केलं आणि दोरीनं झाडाला बांधलं. वाऱ्यानं उडून कुणाला लागायला नको!

मर्विनानं ते खिडकीतून पाहिलं. भरलेलं पिंप उडत नसतं, हे तिच्या जिभेवर आलं. पण तोवर परसातून ओघळ वाहू लागला होता. तिनं एझ्राला झोळीनं छातीशी बांधलं, किझीचा हात धरला आणि दार धाडकन ओढलं. निदान बेक. एक बेक खाल्ल्याशिवाय ती परत येणार नव्हती, मग वादळ येवो नाहीतर वादळाची आई.

नाक्यावर मिस इस्मीच्या टपरीत कढई पालथी घातलेली होती. मिस इस्मी शिडीवर, तोंडात खिळे.

“मिस इस्मी, दोन बेक…”

“आज कसले बेक? तो पत्रा धर.”

“पण मी सकाळपासून…”

“धर गं पोरी! टपरी उडाली तर जन्मभर बेक कुठं खाशील?”

युक्तिवाद बिनतोड होता. मर्विनानं पत्रा धरला. छातीवर एझ्रा, डोक्यावर हातोडा. कालच्या तेलाचा वास अजून लाकडात मुरलेला होता आणि तो तिच्या नाकात शिरून थेट पोटापर्यंत जात होता. तेवढ्या वेळात रस्त्यावरून एकच बस गेली, तीही शहराकडून येणारी. आत माणसं कमी आणि प्लायवूडचे तक्ते जास्त. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “शहर बंद! सगळं बंद! घरी जा!” हे तो इतक्या आनंदानं ओरडला की मर्विनाला त्याच्यावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हातात पत्रा होता म्हणून तो वाचला.

सगळे खिळे मारून झाल्यावर मिस इस्मीनं घाम पुसला आणि उपकाराची परतफेड म्हणून एक बादली पुढे केली. आत खारवलेल्या डुकराच्या शेपट्या, मिठाच्या पाण्यात गच्च भरलेल्या.

“घेऊन जा. टपरीच राहिली नाही तर मी यांचं काय करू? बादली परत आण. आज नको. टपरी राहिली तर आण.”

तर, बेक खायला गेलेली बाई कच्च्या शेपट्यांची बादली घेऊन चढावरून परत निघाली. वाटेत किझी म्हणाली, “मम्मी, तू बादलीशी बोलतेयस.” मर्विना बादलीशी बोलत नव्हती. ती शिव्या देत होती, आणि बादली जवळ होती.

चढ संपेतो तिनं ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या हातचं नाही तर नाही. घरी अंगणात तीन दगड मांडायचे, छोट्या भांड्यात एकटीपुरतं ऑइलडाउन रचायचं आणि एझ्रा झोपला की गरमागरम खायचं. ऑइलडाउनला लागतं काय? तळाला नीरफणसाच्या फोडी आणि खारं मांस, मग कच्ची केळी, वर अळूची पानं, पिठाचे लांबट उंडे, आणि सगळं बुडेल इतकं हळद घातलेलं नारळाचं दूध. एकदा रचलं की ढवळायचं नाही. दूध आटून तळाला तेल सुटलं की झालं. आणि नीरफणस तर दारातच. त्याचं झाड ओझ्यानं वाकलेलं.

त्या झाडाखाली बॉइसी उभा होता. बॉइसी म्हणजे खालच्या घरातला शेजारी. गवंडी, पिकअपचा मालक, आणि महिन्यापूर्वी नवीन छप्पर घातल्यापासून छपराशिवाय दुसरं काही न बोलणारा माणूस.

“मर्विना, हे फणस नाहीत, हे तोफगोळे आहेत. वारा सुटला की सगळे माझ्या छपरावर.”

“मग उतरव.”

“सगळे?”

“मला एकच हवाय. बाकी तुझ्या छपराला विचार.”

बॉइसी चढला आणि सगळे उतरवले. अंगणात हिरव्या गोळ्यांचा ढीग पडला. तो बघायला म्हणून शेजारची ऑक्टेव्हिया आली. अख्खं मॉर्न-दू गाव तिला टांटी म्हणतं. टांटी म्हणजे मावशी, पण ही मावशी प्रत्येकाच्या भांड्यात बोट घालणारी. तिनं लगेच बादलीत बोट घातलं, चाखलं आणि थुंकली.

“हे तर मिठाचं खाजण आहे! दोन पाण्यांत उकळून घे आधी.”

“नळ बंद आहे, टांटी.”

“मग पिंपातलं घे.”

“एल्डननं ओतून दिलं.”

“का?”

“उडून जाऊ नये म्हणून.”

टांटी दगडावर बसली. तिनं आडव्या पिंपाकडे बोट केलं.

“भरलेलं होतं?”

“काठोकाठ.”

“कुठल्या शाळेत होता गं तुझा नवरा?”

“टीचर कथबर्टच्या.”

“मग बरोबर आहे,” टांटी म्हणाली आणि उठली. “असू दे. नीरफणस मीठ ओढतो. दोन जास्तीचे घाल.”

मॉर्न-दूवर जी आपत्ती यायची होती ती या वाक्यानं आली. वादळ नंतरचं.

दोन जास्तीचे फणस मर्विनाच्या छोट्या भांड्यात मावेनात. टांटीनं मोठेपणानं स्वतःचं भांडं आणलं. पण शेजारणीला रिकामं भांडं द्यायची तिच्या घरात रीत नव्हती, म्हणून त्यात ठोकळाभर खारवलेलं गोमांस घालून आणलं. झालं, पुन्हा मीठ वाढलं. मग आणखी तीन फणस. ते टांटीच्या भांड्यात मावेनात, तेव्हा बॉइसी चर्चमध्ये जाऊन सणाचं भांडं घेऊन आला. त्यात एक वासरू आरामात उभं राहिलं असतं. आता भांडं एवढं मोठं दिसल्यावर गाव थोडंच घरी बसतं? कुणी नारळ आणले, कुणी अळू, कुणी केळ्यांचा घड. नाहीतरी वारा सगळं पाडणारच होता. आणि येताना रिकाम्या हातानं, म्हणजे नुसत्या झाडपाल्यानिशी, यायचं कसं? वादळाच्या हंगामात प्रत्येक घरात एकच गोष्ट भरपूर असते. प्रत्येकानं प्रेमानं एकेक तुकडा खारं मांस आणलं.

“नीरफणस मीठ ओढतो,” टांटी दर वेळी म्हणायची, आणि बॉइसी आणखी चार सोलायचा.

मर्विना म्हणाली, “टांटी, मला एकटीपुरतं करायचं होतं.”

“एकटीपुरतं ऑइलडाउन!” टांटीनं ही गोष्ट चार जणींना मोठ्यानं सांगितली आणि त्या चौघी हसल्या. “दूदू, लाडके, एकटीपुरतं उकडलेलं अंडं करतात.”

मग रचण्यावरून भांडण लागलं. उंडे वर की कडेनं? अळूची पानं झाकायला की मध्ये? एक जण म्हणाला, त्याची आजी केळी तळाला घालायची. दुसरी म्हणाली, म्हणूनच तुझ्या आजोबांनी घर सोडलं. या सगळ्यात मर्विनाला कुणी विचारेना. अंगण तिचं, चूल तिची, फणस तिचे, शेपट्यांसाठी पत्रा धरून हात तिचे भरून आलेले. आणि तिला कोपऱ्यात बसवलं खोबरं किसायला, नारळाच्याच पाण्यात दूध पिळायला. एका मांडीवर एझ्रा, दुसऱ्या मांडीवर परात. तिनं दातओठ खात इतकं खोबरं किसलं की टांटी म्हणाली, “बघा, राग आला की दूध कसं दाट निघतं!”

शेवटी झाकण बसलं. धूर निघाला. दूध उकळू लागलं आणि हळद, ओवा, नारळ यांचा असा वास सुटला की माणसं आपोआप गप्प झाली. मर्विनाचे डोळे भरून आले. धुरानं, असं ती म्हणाली.

नेमके त्याच वेळी टीचर कथबर्ट आले.

टीचर कथबर्ट म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि गावच्या आपत्ती समितीचे अध्यक्ष. नेमणूक झाल्यापासून प्रत्येक वादळ बेटाला वळसा घालून गेलं होतं, आणि ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. आज त्यांच्या डोक्यावर पिवळं शिरस्त्राण होतं आणि हातात भोंगा. मर्विनाच्या अंगणात तिच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून त्यांनी तो तोंडाला लावला.

“नागरिकहो! दुपारपासून देश बंद! उघड्यावरचा प्रत्येक विस्तव विझवा! शाळेतल्या निवाऱ्यात चला!”

एझ्रा दचकून रडायला लागला.

“टीचर, मी इथंच आहे,” मर्विना म्हणाली. “तोंडानं बोला.”

“विस्तव विझवा!” ते भोंग्यातूनच म्हणाले.

“अर्धं शिजलेलं ऑइलडाउन विझवायचं?” टांटी पदर खोचल्यासारखी पुढं सरसावली. “कथबर्ट, तुझी आई स्वर्गातून बघतेय. तिला काय वाटेल?”

टीचरांनी वर बघितलं. आभाळ काळवंडत होतं. मग त्यांनी वास घेतला. भोंगा आपोआप खाली आला. माणसाच्या चेहऱ्यावर कर्तव्य आणि भूक यांची झटापट इतकी उघड क्वचितच दिसते.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “हे भांडं मी समितीच्या ताब्यात घेतो. निवाऱ्याचं जेवण म्हणून. शाळेच्या शेडमध्ये भिंतीआड शिजवता येईल, तो उघड्यावरचा विस्तव होत नाही.”

“ते माझं आहे,” मर्विना म्हणाली.

“आपत्तीच्या काळात ‘माझं’ हा शब्द शोभत नाही, मर्विना. तुला मी शिकवलंय.”

“मला नाही, एल्डनला. आणि तो पिंप ओतून देतो.”

पण तोवर चौघांनी भांडं उचललंही होतं.

पिकअपच्या मागच्या भागात चर्चचं भांडं, तीन दगड, जळकी लाकडं आणि टीचरांच्या हुकमावरून झाकणावर दोन्ही हात दाबून मर्विना. छातीवर एझ्रा. किझी पुढं बॉइसीच्या शेजारी बसून त्याच्या छपराची हकिगत ऐकत होती. वारा एव्हाना चांगलाच उठला होता. केळीची पानं चिंध्यांसारखी फडफडत होती. प्रत्येक वळणाला झाकण उचललं जाई आणि वाफेचा एक लोट तिच्या तोंडावर येई. हात भाजत होते. उपाशी माणसाला हात भाजून घेऊन वास तेवढा हुंगायला लावणं, ही शिक्षा जुन्या राजांनाही सुचली नसेल.

शाळेत बाकं भिंतीला लागली, कंदील टांगले गेले, खिडक्यांवर फळ्या बसल्या. बाहेर पाऊस आडवा मारू लागला आणि आत भांड्याच्या तळाला तेल सुटलं. टांटीनं झाकण काढलं. पिवळाधमक फणस, वर मऊ पडलेलं अळू, तेलानं चकाकणारे उंडे. एकानं चाखलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मीठ,” तो म्हणाला आणि मुद्दाम थांबला, “अगदी बरोबर!”

मग जी स्तुतीची लाट उठली ती बाहेरच्या लाटांना लाजवणारी. असं ऑइलडाउन गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं म्हणे. टांटी म्हणाली, रचलं मी. बॉइसी म्हणाला, फणस मी काढले. टीचर कथबर्ट म्हणाले, शेवटी नियोजन महत्त्वाचं असतं. आजीची केळी तळाला घालणारा म्हणाला, तरी मी सांगत होतो. ज्याच्या तोंडात घास होता तोही हात वर करून काहीतरी आपलं श्रेय सांगत होता.

मर्विना रांगेत उभी होती. आधी म्हातारी माणसं, मग लहान मुलं, मग समितीचे सभासद, कारण त्यांना जागरण करायचं होतं. किझी बशी घेऊन पळालीसुद्धा. एझ्रा झोपला होता. खरोखर झोपला होता! वाफ, वास, ताट, सगळं समोर, आणि पोरगा गाढ. हे पुन्हा जन्मात घडणार नव्हतं. तिनं बशी पुढं केली.

टीचर कथबर्ट डावाजवळच उभे होते. त्यांनी तिच्याकडे, मग छातीवरच्या एझ्राकडे पाहिलं आणि बशी हळूच बाजूला सारली.

“स्तनदा माता. तुमच्यासाठी विशेष आहार आहे.” आणि त्यांनी एक पाकीट तिच्या हातात ठेवलं. आत साधी बिस्किटं, सार्डिनचा एक छोटा डबा आणि दुधाची भुकटी. “एकाच व्यक्तीला दोन प्रकारचे आहार देता येत नाहीत. नियम आहे.”

मर्विनानं पाकिटाकडे पाहिलं. बिस्किटं गार होती. बिस्किटं गारच असतात.

“टीचर,” ती हळू आवाजात म्हणाली, आणि जे तिला ओळखत होते ते दोन पावलं मागं सरले. “सकाळपासून मला जो तो सांगतोय. पाणीवाले सांगतात, नळ बंद. नवरा सांगतो, आईचं छप्पर. इस्मी सांगते, पत्रा धर. टांटी सांगते, खोबरं कीस. तुम्ही सांगता, झाकण धर. मी धरलं. माझे हात बघा. हे भांडं माझ्या अंगणात चढलं, एका बाईला एक ताट गरम खायचं होतं म्हणून! एक! गावाला पोटभर मिळालं. ज्यांनी नुसत्या गप्पा रचल्या त्यांना दोनदा मिळालं. आणि मला बिस्किट? मूल झालं म्हणजे माझी जीभ कापून घेतली का कुणी? मी काय फक्त दुधाची टाकी आहे, वरून भुकटी ओता आणि खालून काढा? तुमच्या नियमात आई काय खाते ते लिहिलंय. आईला काय खावंसं वाटतं, ते कुणी लिहिलंय का कुठं? हे घ्या!” आणि तिनं ते पाकीट टीचरांच्या पिवळ्या शिरस्त्राणावर ठेवलं. आपटलं नाही. व्यवस्थित, मध्यभागी ठेवलं. त्यामुळे ते जास्त लागलं.

शाळेत इतकी शांतता पसरली की बाहेरचा वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. आणि तो खरोखरच थांबत होता. कोपऱ्यातला रेडिओ खरखरत म्हणाला, वादळ उत्तरेकडे वळलं, बेटाला फक्त कडेचा पाऊस. कुणीतरी “देवाची कृपा” म्हणालं. टीचर कथबर्ट डोक्यावरचं पाकीट न हलवता खाली बसले. एका दिवसात माणसानं किती सोसायचं!

टांटी ऑक्टेव्हियानं डाव घेतला, अर्धी भांड्यात वाकली आणि तळ खरवडला. तेलात परतून कडा लाल झालेल्या फोडी, एक अख्खी शेपटी, दोन उंडे. बशी भरून मर्विनाच्या हातात दिली आणि तिच्या छातीवरची झोळी सोडून झोपलेल्या एझ्राला स्वतःकडे घेतलं.

“जा, बाहेर पायरीवर बस. जो आडवा येईल त्याला मी बघते.”

आडवा एल्डन आला. भिजलेला, दमलेला, आणि हनुवटीवर तेलाचा डाग.

“अगं, मी तुला घरी शोधत होतो! मम्मीनं बेक तळले होते. गरम गरम. तुझ्यासाठी दोन आणत होतो बघ, पण वाटेत झाड पडलेलं, थांबावं लागलं, मग ते गार व्हायला लागले, मग म्हटलं गार झालेले तुला आवडत नाहीत, म्हणून…”

काही राग इतके मोठे असतात की ते त्याच दिवशी मावत नाहीत. त्यांना दुसरा शुक्रवार लागतो. टांटीनं पुढं होऊन एझ्रा त्याच्या हातात दिला.

“धर. हा भरलेला आहे. ओतून देऊ नकोस.”

पायरी ओली होती. मर्विना तशीच बसली. पाऊस कमी होऊन नुसता पन्हळीतून ठिबकत होता, आणि बशीतून वाफ निघत होती. तिनं पहिली फोड बोटांनी उचलली. बोटं पोळली. पोळू दे.

“मम्मी.” किझी शेजारी येऊन टेकली. तिच्या तोंडाभोवती हळदीचं पिवळं कडं. “एक घास?”

“तू जेवलीस ना?”

“हो. पण तुझं जास्त छान दिसतंय.”

मर्विनानं फोड फुंकली आणि तिच्या तोंडात घातली. मग दुसरी. मग उंडा अर्धा केला, मग उरलेला अर्धाही. शेपटीवरचं मऊ मांस सोडवून दिलं, हाड स्वतःकडे ठेवलं. बशीत शेवटची फोड उरली, कडेनं लाल झालेली, अजून ऊन. ती मर्विनानं हातात घेतली. किझी तिच्याकडे बघत होती; मागण्यासाठी नव्हे, नुसतीच, नवीन काही समजून घेताना बघते तशी.

“मम्मी, मोठं झालं की भूक जाते ना? दुधाचे दात जातात तशी?”

“कोण म्हणालं?”

“कोणी नाही. तुझी गेलीय ना, म्हणून.” किझीनं बोटं चाटली आणि थोडी घाबरून विचारलं, “मग माझी कधी जाणार?”